कांजिण्या आल्या : पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या खपलीपर्यंत

आधी एक तारीख लिहून ठेवा. अंगावर पहिले ठिपके दिसले तो दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या चौकोनात फुली मारा, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या फुलीपासून दिवस मोजून घ्यायचे आहेत. औषध सुरू करायचं की नाही, शाळेत कधी पाठवायचं, धाकट्याला कधी येतील, ताप परत चढला तर घाबरायचं का, हे सगळं त्यातच आलं.

कांजिण्या व्हेरिसेला-झोस्टर नावाच्या विषाणूमुळे येतात. तो खोकल्या-शिंकांतून आणि फोडांतल्या पाण्यातून हवेत मिसळतो, म्हणून एका खोलीत राहणाऱ्या आणि आधी कांजिण्या न आलेल्या, लस न घेतलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांना तो गाठतो. आपल्याकडे थंडी ओसरू लागली की, म्हणजे साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, त्यांचा जोर असतो. एरवी निरोगी असलेलं एक ते बारा वर्षांचं मूल बहुतेक वेळा कुठल्याही खास औषधाशिवाय आठ-दहा दिवसांत बरं होतं. पालकांचं खरं काम तीन ठिकाणी आहे : खाज सुसह्य करणं, त्वचा स्वच्छ ठेवणं आणि ज्यांना हा आजार झेपणार नाही अशा माणसांना लांब ठेवणं. यातलं दुसरं आणि तिसरं काम घरोघरी राहून जातं.

खरंच कांजिण्याच आहेत का?

मुलाला खिडकीपाशी उजेडात उभं करा आणि कपडे काढून सगळं अंग बघा. छाती, पोट, पाठ, चेहरा. मग केसांत भांग पाडत पाडत टाळू बघा, कानांच्या मागे बघा, आणि मोबाइलच्या टॉर्चने तोंडात टाळ्याकडे बघा. डासांचे चावे केसांच्या आत आणि टाळ्यावर नसतात, कांजिण्या असतात.

एका ठिपक्याचा प्रवास असा होतो. आधी सपाट लाल ठिपका. काही तासांत तो उचलला जातो. मग त्यावर पारदर्शक पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा पातळ सालीचा फोड येतो, भोवती लालसर कडं. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, फोड मधोमध बसतो आणि त्यावर खपली धरते. असे ठिपके एकदम न येता चार-पाच दिवस लाटांनी येत राहतात. त्यामुळे हातभर जागेत लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली हे तिन्ही एकाच वेळी दिसतात. कांजिण्यांची सगळ्यात भरवशाची खूण हीच. पोट-पाठीवर दाटी आणि हातापायांच्या टोकांकडे विरळ, ही दुसरी. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर एकूण अडीचशे ते पाचशे फोड येणं नेहमीचं आहे, त्यामुळे आकड्याने धसका घेऊ नका.

आता ज्यांच्याशी गल्लत होते ते आजार. हात-पाय-तोंड आजारात फोड मुख्यतः तळहात, तळपाय, गुडघे, ढुंगण आणि तोंडात येतात, पोट-पाठ बहुधा मोकळी असते, आणि मूल साधारण पाच वर्षांच्या आतलं असतं. 2022 साली केरळमधून बातम्यांत गाजलेला ‘टोमॅटो फ्लू’ म्हणजे हाच आजार होता. गोवरात आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे असतात. मग कानांमागून आणि केसांच्या कडेपासून सपाट लाल पुरळ खाली उतरतं, त्यात पाण्याचे फोड नसतात. गोवराचा संशय आला तर सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंना कळवायलाच हवं. खरूज असेल तर रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुटकुळ्या असतात आणि घरातली मोठी माणसंही खाजवत असतात.

एक पुरळ मात्र वेगळं. लाल-जांभळे ठिपके, ज्यांच्यावर काचेचा पेला दाबून आतून पाहिलं तरी रंग फिका पडत नाही, हे त्वचेखाली रक्त साकळल्याचं लक्षण आहे. सोबत ताप असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा, सकाळची वाट बघू नका.

आणि ‘देवी’. अजूनही अनेक घरांत कांजिण्यांना ‘देवी आल्या’ म्हणतात. देवी हा संपूर्ण वेगळा आणि जीवघेणा आजार होता. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा, आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून संपल्याचं जाहीर केलं. हे सांगण्याचं कारण इतकंच की आंघोळ नाही, फोडणी नाही, मीठ नाही, औषध नाही हे सगळे नेम त्या काळातून आलेले आहेत, जेव्हा करण्यासारखं हातात काहीच नव्हतं. आजीचा मान राखून, देव्हाऱ्यात दिवा लावून, मुलाला आंघोळ घालता येते.

पहिले चोवीस तास : फोन कोणाला करायचे

पहिला फोन बालरोगतज्ज्ञांना. थेट दवाखान्यात जाऊन बसू नका. तिथे लसीसाठी आणलेली दीड महिन्याची बाळं आणि गरोदर आया बसलेल्या असतात. फोनवर सांगा, फोटो पाठवा, आणि बोलावलं तर शेवटची वेळ किंवा वेगळी खोली मागून घ्या.

हा फोन पहिल्याच दिवशी का? कारण अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध पुरळ उठल्यापासून 24 तासांच्या आत सुरू झालं तरच त्याचा चांगला उपयोग होतो. बारा वर्षांखालच्या निरोगी मुलाला ते सहसा लागत नाही. पण बारा वर्षांच्या पुढचं मूल, जुना दमा किंवा त्वचेचा आजार असलेलं मूल, किंवा घरात आधी एकाला येऊन गेल्यावर दुसऱ्याला आल्या असतील, तर डॉक्टर ते देण्याचा विचार करतात. घरातल्या दुसऱ्या मुलाला सतत आणि जवळून विषाणू मिळालेला असतो, म्हणून त्याच्या अंगावर बहुतेकदा फोड जास्त येतात. नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोला 20 मिलिग्रॅम (एका वेळी जास्तीत जास्त 800), दिवसातून चार वेळा, पाच दिवस असा असतो. तो इथे दिला आहे तो चिठ्ठी वाचताना समजावा म्हणून. स्वतःहून आणून देऊ नका. औषध चालू असताना मुलाला पाणी भरपूर पाजायचं, कारण ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं.

मूल तोंडाने स्टेरॉइड घेत असेल (नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारासाठी, दम्याच्या मोठ्या झटक्यानंतर), कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं कोणतंही औषध चालू असेल, तर आठ दिवसांत बरं होण्याचा हिशोब त्याला लागू नाही. अशा मुलाच्या बाबतीत नुसता कांजिण्यांचा संपर्क आला तरी, एकही ठिपका नसताना, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला फोड दिसले तर तेही त्याच दिवशी दाखवा.

दुसरा फोन गेल्या दोन दिवसांत मूल ज्यांच्यासोबत होतं त्यांना. पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग पसरवत असतं. म्हणजे परवाचा वाढदिवस, कालचा डबा-खाऊ, पाळणाघर, शिकवणी. एका खोलीत पंधरा मिनिटं घालवली असतील तर संपर्क आला असं धरा. सगळ्यांना घाबरवायचं नाही. फक्त इतकं विचारायचं की घरात कोणी गरोदर आहे का, तान्हं बाळ आहे का, कोणाची केमोथेरपी चालू आहे का.

गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर काळजीचं कारण जवळपास नाही. आठवत नसेल तर रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडं, म्हणजे या विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, आहेत का ते कळतं. नसतील, तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं; ते संपर्कापासून दहा दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणूनच ‘बघू, आल्या तर’ म्हणून थांबायचं नाही. पहिल्या वीस आठवड्यांत कांजिण्या आल्या तर क्वचित गर्भात दोष राहतो, आणि शेवटच्या महिन्यांत आईला न्युमोनिया होण्याची भीती असते. बाळंतपणाच्या आधीचे पाच दिवस ते नंतरचे दोन दिवस या काळात आईच्या अंगावर पुरळ उठलं, तर नवजात बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो. रुग्णालयाला त्या घटकेला कळवायला हवं. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही हे सगळं विचारा. त्यांना सुट्टी देताना पगार कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी त्या खरं सांगणार नाहीत.

ताप : बाटलीमागचं बारीक अक्षर

ताप साधारण 101-102 अंश फॅरनहाइट असतो आणि दोन ते चार दिवस राहतो. मूल खेळत असेल, पाणी पीत असेल तर नुसत्या आकड्यासाठी औषध देण्याची गरज नाही. किरकिर, अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल द्या, आणि फक्त पॅरासिटामॉल.

डोस वयावरून न ठरवता वजनावरून ठरवा : दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. 12 किलोच्या मुलाला एका वेळी 180 मिलिग्रॅम. आता बाटली बघा, कारण बाजारात एकाच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदी आहेत. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेल तर 7.5 मिली. 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असेल तर सुमारे 3.5 मिली. आणि तान्ह्या बाळांचे थेंब असतील, 1 मिलीत 100 मिलिग्रॅमचे, तर फक्त 1.8 मिली. चूक इथे होते : ‘मागच्या वेळी साडेसात दिलं होतं’ हे लक्षात राहतं, बाटली बदललेली असते. थेंबांच्या बाटलीतून साडेसात मिली दिलं तर 750 मिलिग्रॅम पोटात जातं, म्हणजे चौपटीहून जास्त, आणि त्याचा मार यकृतावर बसतो. आकडा बाटलीवर मार्करने लिहून ठेवा. मापासाठी घरातला चमचा न घेता बाटलीसोबतचं झाकण किंवा सुईविना सिरिंज वापरा.

आयब्युप्रोफेन कांजिण्यांत देऊ नका. त्याच्या वापरासोबत फोडांतून खोल शिरणारा गंभीर जिवाणू संसर्ग जास्त आढळला आहे. आपल्याकडची अडचण अशी की तापाच्या कितीतरी सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतं, आणि दुकानदार ‘तापाचं’ म्हणून तेच देतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिडही त्याच कुळातलं, तेही टाळा. बाटली उलटी करून घटकांची ओळ वाचा. तिथे एकच नाव असायला हवं. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही, कारण कांजिण्यांत त्यामुळे रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा घातक विकार होऊ शकतो.

अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. फोड पिकले तरच ते लागतं, आणि ते डॉक्टर ठरवतील.

खाज आणि आंघोळ

इथे सगळ्यात जास्त मेहनत आहे, आणि व्रण राहणार की नाही हेही बरंचसं इथेच ठरतं. फोड स्वतःहून सहसा खोल डाग ठेवत नाही. नखाने फोडलेला आणि मग पिकलेला फोड ठेवतो.

पहिल्याच दिवशी नखं कापा आणि कानशीने कड गुळगुळीत करा, कारण नुकतं कापलेलं नख जास्त ओरखडतं. नखांखालचा मळ साबणाने काढा आणि दिवसातून चार-पाच वेळा हात धुवा. तान्ह्या बाळाच्या हातांवर सुती मोजे चढवा. मोठ्या मुलाला ‘खाजवू नको’ म्हणून काही होत नाही. ‘खाजलं की नखाऐवजी तळव्याने थोपट’ हे जमतं. किंवा थंड पाण्यात पिळलेला रुमाल त्या जागी दोन मिनिटं धरा.

आंघोळ रोज घाला. ताप असला तरी. पाणी कोमट, अगदी मनगटावर ना गरम ना गार लागेल असं. कढत पाण्याने खाज दुपटीने भडकते. सौम्य साबण हाताने फिरवा, घासणी नको, उटणं नको. मगाने पाणी ओता आणि पाच-दहा मिनिटांत आवरा. मग जुन्या धोतराचा तुकडा किंवा धुऊन मऊ पडलेला पंचा घेऊन अंग टिपा. टिपायचं म्हणजे कापड अंगावर ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, ओढायचं नाही. टॉवेलच्या खरखरीत धाग्यात फोडाची साल अडकते आणि आख्खा फोड सोलून निघतो. तो पंचा दुसऱ्या कोणी वापरायचा नाही.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर पाण्यात उकळून, गाळून, निववून घाला. त्याने नुकसान नाही. पण पाल्याच्या डहाळीने अंग झाडू नका, धारदार कडांनी फोड फुटतात. हळदीचा लेपही नको. हळदीखाली कातडी पिवळी दिसते आणि एखादा फोड लाल होऊन पसरतोय का हे कळत नाही. ते कळणं फार गरजेचं आहे. तेल, तूप, पावडर यांनी घाम आणि मळ फोडात अडकतो.

अंग कोरडं झालं की कॅलामाइन लोशन. बाटली चांगली हलवा (गुलाबी साका तळाशी बसलेला असतो), कापसाच्या बोळ्याने फोडांवर टिपके द्या, वाळू द्या. दिवसातून तीन-चार वेळा चालतं. डोळ्यांजवळ, तोंडात आणि सोललेल्या ओल्या जागेवर लावू नका. इथेही लेबल वाचा : काही गुलाबी लोशनांत डायफेनहायड्रामिन मिसळलेलं असतं. ते सगळ्या अंगभर फुटलेल्या फोडांवर लावलं तर त्वचेतून रक्तात जाऊन मूल गुंगतं किंवा भ्रमिष्टासारखं वागतं. साधं कॅलामाइनच घ्या. रात्री खाजेने झोप लागत नसेल तर डॉक्टरांना पोटात घ्यायचं अ‍ॅलर्जीविरोधी औषध विचारा. स्टेरॉइड असलेली मलमं, जी ‘कोणत्याही खाजेवर’ म्हणून घरात पडलेली असतात, ती इथे लावायची नाहीत.

कपडे सैल, सुती, मऊ. ‘वारा लागेल’ म्हणून गोधडीत गुंडाळलं की घाम येतो आणि घामाने खाज वाढते. पंखा लावा, खिडकी उघडा.

ज्या जागांबद्दल कोणी बोलत नाही त्याही बघा. शू करायच्या जागी फोड आले की मूल जळजळीच्या भीतीने लघवी धरून ठेवतं, आणि त्यासाठी पाणी पिणंही सोडतं. लघवी करताना मगाने कोमट पाण्याची धार सोडली की जळजळ कमी होते. घरात चड्डी काढून सैल झबलं किंवा लुंगी पुरे. डायपर असेल तर दर दोन तासांनी बघा आणि दिवसातला बराच वेळ उघडं ठेवा. पापणीच्या कडेला फोड असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याच्या कापसाने बाहेरच्या बाजूला पुसा. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

तोंड आलंय, जेवत नाही

टाळ्यावरचे फोड लगेच फुटतात आणि उथळ जखमा होतात. अशा तोंडाला तिखट, आंबट, गरम आणि कुरकुरीत काहीच सोसत नाही. मोसंबीचा रस ‘ताकदीसाठी’ दिला की मूल किंचाळतं. थंडसर दही-भात, मऊ वरण-भात, नाचणीची पातळ खीर, केळं, गार दूध, शहाळ्याचं पाणी द्या. मीठ घाला, तूप-जिऱ्याची फोडणीही घाला. अळणी देण्याचं काही कारण नाही, ताप-घामात मीठ लागतंच. दोन दिवस घनअन्न कमी गेलं तर चालतं, पातळ पदार्थ कमी जाऊन चालत नाहीत. दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे हा हिशोब ठेवा. ओआरएस देत असाल तर पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात कालवा. एक लिटरची पुडी अर्धी-अर्धी करून पेल्यात टाकायची नाही, क्षाराचं प्रमाण बिघडतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध चालूच ठेवा. लघवी हा खरा मापदंड : आठ तास लघवी झाली नाही तर डॉक्टरांना गाठा.

बॉलपेनची रेघ, आणि कधी धावायचं

रोज एकाच उजेडात पाठीचा आणि पोटाचा एक-एक फोटो काढा. एखाद्या फोडाभोवती लाली जास्त वाटली तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि वेळ लिहा. चार-सहा तासांत लाली रेघेबाहेर गेली, जागा गरम, टणक आणि दुखरी झाली, तर जिवाणूंचा संसर्ग शिरला आहे. कांजिण्यांतली सगळ्यात नेहमीची गुंतागुंत हीच, आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर ती आटोक्यात येते. दिसतं थोडं पण दुखतं मात्र प्रचंड, मूल हात लावू देत नाही किंवा अचानक लंगडायला लागतं, तर ती जास्त गंभीर खूण समजा.

तापाचा आलेखही बोलतो. पहिल्या तीन दिवसांचा ताप कांजिण्यांचा. उतरून गेलेला ताप चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चढला, किंवा चार दिवसांनंतरही उतरतच नाही, तर दाखवा.

पुढच्या गोष्टींपैकी एक जरी दिसली तरी थेट रुग्णालय, तिकडे निघताना फोन करून :

- श्वास जोरात चालतोय. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा : दोन महिने ते एक वर्ष वयात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, म्हणजे जलद.
- निपचित पडलंय, उठवल्यावरही नीट ओळख देत नाही, झटका आला, मान ताठली.
- सतत उलट्या.
- चालताना झोकांड्या जातात, चमचा तोंडापर्यंत नेताना हात डगमगतो. हे कधी कधी फोड सुकत आल्यावर, आठवड्याभरानेही दिसतं. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण तपासणी हवीच.
- फोडांत रक्त उतरलंय, अंगावर निळे-जांभळे डाग, नाका-हिरड्यांतून रक्त.

दिवस मोजायचे कसे

पुन्हा त्या फुलीकडे. शाळेत पाठवण्यासाठी नुसता ‘पाचवा दिवस’ पुरत नाही; अंगावरच्या प्रत्येक फोडावर खपली धरलेली हवी. बहुतेकांना फुलीपासून पाच ते सात दिवस लागतात. सगळं अंग पुन्हा उजेडात बघा, टाळूसकट. ओला फोड एकही नसेल तर मूल संसर्ग देत नाही. खपल्या पडेपर्यंत थांबायची गरज नाही, त्यांना एक ते तीन आठवडे लागतात आणि कोरड्या खपलीतून विषाणू पसरत नाही. शाळा ‘डाग गेल्यावर पाठवा’ म्हणत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी द्या. लस घेतलेल्या मुलाला कांजिण्या आल्या तर फोड पन्नासच्या आत असतात, कित्येकदा खपली धरतच नाही. तिथे चोवीस तासांत नवा ठिपका आला नाही की संसर्गाचा काळ संपला.

हा मोसम नेमका परीक्षांचा असतो. बोर्डाचा पेपर फोड ओले असण्याच्या दिवसांत येत असेल तर शाळेला आणि केंद्राला आधी कळवून वेगळ्या खोलीबद्दल विचारा. लपवून वर्गात बसवणं शेजारच्या बाकावरच्या मुलाला महाग पडतं.

भावंडांसाठी फुलीपासून दहावा आणि एकविसावा दिवस कॅलेंडरवर गोल करा. संपर्कानंतर इतक्या दिवसांत पुरळ येतं, बहुतेकदा चौदा ते सोळाव्या. या काळात भावंडाला बाहेरगावी आजोळी पाठवलं तर आजार तिकडे जातो. ‘एकदाच येऊन जाऊ दे’ म्हणून मुद्दाम एकत्र झोपवणं चुकीचं आहे; कोणाला सौम्य येतील आणि कोणाला न्युमोनिया होईल हे आधी सांगता येत नाही. त्याऐवजी दुसरा रस्ता आहे : एक वर्षावरील निरोगी भावंडाला संपर्कापासून तीन, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळतो किंवा हलका येतो. म्हणून पहिल्या दिवशीच्या फोनमध्ये ‘धाकट्याला लस देऊ का’ हा प्रश्न असायलाच हवा.

घरातली खेळणी, गाद्या फेकायची नाहीत. हा विषाणू वस्तूंवर फार टिकत नाही. चादरी-कपडे नेहमीच्या साबणाने धुवा, उन्हात वाळवा.

लस आणि नागीण

पुष्कळ पालक म्हणतात, ‘गोवराची लस दिली होती, तरी कशा आल्या?’ सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यापासून मिळणारी लस गोवर-रुबेलाची आहे. तिचा कांजिण्यांशी संबंध नाही. कांजिण्यांची लस सरकारी मोफत कार्यक्रमात नाही, खाजगीत घ्यावी लागते. जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये विषाणू दुर्बळ करून ती तयार केली. पहिला डोस साधारण पंधराव्या महिन्यात, दुसरा किमान तीन महिन्यांच्या अंतराने. तेरा वर्षांपुढे दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर पुरतं. मोठेपणी कांजिण्या जास्त जड जातात, त्यामुळे ज्यांना आलेल्या नाहीत अशा आईबापांनीही घ्यावी. जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती खालावलेली असताना ती देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही; मज्जातंतूंच्या मुळांशी झोपून राहतो आणि म्हातारपणी किंवा अंगातली ताकद खालावली की नागीण होऊन उठतो. नागिणीने कमरेला पूर्ण विळखा घातला की माणूस दगावतो ही समजूत खोटी आहे. ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, सहसा शरीराच्या एकाच बाजूला येते. खरा धोका उलट दिशेचा आहे : नागीण आलेल्या आजोबांच्या फोडांतल्या पाण्यामुळे लस न घेतलेल्या नातवाला कांजिण्या येऊ शकतात. म्हणून फोड सुकेपर्यंत ते स्वच्छ सुती कापडाने झाकून ठेवायचे, पट्टी बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि तोवर नातवाला मांडीवर घ्यायचं नाही.